रविवारची फेरी

"मालन, दाराला कडी घाल," हे म्हणाले आणि मी उठून घातली.

सुट्टीच्या दिवशी आमच्या दाराला आतून कडी लागायची. नवव्या गल्लीतल्या बायकांनी त्यावरून काय काय तर्क बांधले होते आणि मला चिडवूनही झालं होतं. खरी गोष्ट एवढीच की माझा नवरा क्रोशा विणायचा. लहानपणी पाय मोडून हे मिरजेला दवाखान्यात पडले होते. पोरगं रडतंय म्हणून तिथल्या एका नर्सनं हातात सुई-दोरा दिला. पाय बरा झाला, जरा आखूड राहिला, सुई मात्र सुटली नाही. कोष्ट्याच्या जातीला दोऱ्याचं काय वावडं? पण चांगला मिशीवाला माणूस खाटेवर मांडी घालून रुमालाची झालर विणतोय, हे जयसिंगपूरच्या बाजारात कळलं असतं तर लोकांनी जगू दिलं नसतं. म्हणून कडी.

त्या वर्षी एक मे शनिवारी आला होता. शनिवार-रविवार जोडून सुट्टी, असं सुख आमच्या घरात फारसं यायचं नाही. हे एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. पिग्मी म्हणजे रोजची बचत. पानवाला, सायकलवाला, वेणीवाली, केशकर्तनवाला, ज्यांना बँकेची पायरी चढायला संकोच वाटतो, त्यांच्या दारात जाऊन रोज दहा-वीस रुपये घ्यायचे, त्यांच्या कार्डावर नोंद करून सही करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे संस्थेत भरायचे. त्यावर कमिशन. त्या आखूड पायानं हे रोज संध्याकाळी अख्खा बाजार पालथा घालायचे. बाजारात यांना म्हेत्रे कुणी म्हणत नसे, सगळ्यांचे 'पिग्मीवाले अण्णा'.

शुक्रवारची फेरी झाली होती. ते पैसे आता सोमवारीच भरायचे, म्हणून ज्वारीच्या पोत्यामागं पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. हे खाटेवर विणत होते, मी सांडगे घालून आले होते आणि भिंतीला टेकून बसले होते. बोलणं चाललं होतं ते आमच्या ठेवीचं. आमची सगळी बचत त्याच संस्थेत होती आणि जूनमध्ये मुदत भरत होती. मुलगी वसुधा कोल्हापूरला नर्सिंग शिकत होती. तिची दुसऱ्या वर्षाची फी त्यातून जाणार होती आणि वर उरलं तर छताचा पंखा घ्यायचा, असं माझं म्हणणं होतं. यांचं म्हणणं, पंखा पुढच्या वर्षी. मी म्हटलं, तुमचं काय, तुम्ही दिवसभर उन्हात भाजलेलेच असता, घरात मी शिजते. हे हसले. विणताना यांना हसायला आलं की टाका निसटायचा, मग माझ्या नावानं पुटपुटत उसवायचे.

तेवढ्यात दार वाजलं. यांनी विणकाम उशीखाली सारलं, मी कडी काढली. दारात माझा भाऊ उभा होता.

विलास माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. आई-अप्पा गेल्यावर माझं माहेर म्हणजे कुरुंदवाडातलं विलासचं घर, तेवढंच. लग्नात मी त्याला हाताला धरून बोहल्याजवळ उभी होते म्हणून माझी नणंद अजून हसते. बी.कॉम. झाला तेव्हा अख्ख्या भावकीत पहिला पदवीधर तोच. यांच्याच संस्थेत तो कारकून होता. यांना एजन्सी मिळाली तीसुद्धा त्याच्या शब्दावर.

तो आत आला, बसला नाही. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"दाजी, सोमवारी संस्था उघडणार न्हाई," तो म्हणाला.

चेअरमननं आपल्याच गोतावळ्याला कर्जं वाटली होती, ती बुडाली होती. तिजोरीत काही उरलं नव्हतं. सोमवारी दाराला कुलूप आणि वर नोटीस, एवढंच दिसणार होतं. ठेवी कधी मिळतील, मिळतील की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. हे सगळं त्यानं भराभर सांगितलं, धडा म्हणून दाखवावा तसं.

 मी खाली बसले.  मग मी विचारलं, तुला हे कधी कळलं.

"गुरुवारी."

"तुझी ठेव?"

तो पेल्याकडं बघत राहिला. "माझी थोडीच हुती, आक्का. काल काढली."

"आणि आमची?"

"मी सगळ्यांना सांगत बसलो असतो तर कालच दंगा झाला असता. माझी नोकरी गेली असती, वर पोलिसांची भानगड."

"सगळ्यांना कशाला? मला सांगायचंस."

  तो यांच्याजवळ जाऊन बसला आणि खालच्या आवाजात सांगू लागला की शुक्रवारचे पैसे अजून भरलेले नाहीत ना, मग भरू नका. संस्थाच नाही तर मागणार कोण? विचारलंच तर सोमवारी भरायला आलो होतो, कुलूप होतं, असं सांगा. तुमची ठेव गेली, त्यातले हे तेवढे तरी हाताला लागले असं समजा. खास तेवढं सांगायलाच तो कुरुंदवाडाहून उन्हात गाडी मारत आला होता. बहिणीला बुडू दिलं याची टोचणी त्याला लागली असणार, आणि त्याच्या परीनं तो ती काढून टाकत होता. मला त्या घडीला त्याची कीवही आली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

हे एवढंच म्हणाले, "शुक्रवारी सांजंला मी फेरीला निघालो तवा तू संस्थेच्या दारात उभा हुतास. हात केलास मला."

"दाजी, माझं नाव तेवढं कुठं येऊ देऊ नका." मग तो माझ्याकडं वळला. "आक्का, न्हाई ना घेणार?"

मी त्याच्या हातातला पेला काढून घेतला. हे म्हणाले, "जा तू. ऊन उतरलंय."

तो गेला. मी कडी लावायची विसरले. यांनी मात्र उशीखालून विणकाम काढलं आणि पुन्हा सुई चालवायला घेतली. माझं डोकं फिरलं. घर बुडालंय आणि हा माणूस साखळ्या मोजतोय. मी म्हटलं, "विणताय काय?"

"हात थांबला की डोकं चालतंय. नको ते सुचतंय."

नको ते म्हणजे काय, ते मला विचारावं लागलं नाही. खोटं कशाला बोलू, माझीही नजर त्या पोत्यामागं जात होती. डब्यातल्या पैशात फी बसत होती. पंखा नसता बसला, पण फी बसली असती. संध्याकाळ तशीच गेली. चुलीवर भात चढवला, तो तिथंच गार झाला. शेजारी रेडिओवर महाराष्ट्र दिनाची गाणी चालली होती आणि आम्ही दोघं एका खोलीत बसून एकमेकांची नजर चुकवत होतो. वसुधाला काय सांगायचं, हे मी एकदा विचारलं. हे म्हणाले, फी भरायची मुदत जूनची आहे, तोवर बघू. यांच्या 'बघू'वर मी एरवी चिडायची. त्या दिवशी चिडलेसुद्धा नाही.

सकाळी मी चहा टाकत होते तर हे दाढी करून, फेरीचा शर्ट घालून उभे. रविवारी यांनी कधी उंबरा ओलांडल्याचं मला आठवत नव्हतं. हातात डबा होता.

"कुठं निघालासा?"

"फेरीला. पैसे परत देऊन येतो."

मी चहा उतरवला. यांनी रात्रभर विचार करून ठेवला होता, त्यामुळं बोलायला वेळ लागला नाही. शुक्रवारचे पैसे अजून संस्थेत गेलेले नव्हते. आत गेले नाहीत तोवर ते ज्याचे त्याचे. सोमवारी कुणी साहेब येऊन बसला तर कार्डावरच्या नोंदीप्रमाणं ते मागून घेईल, मग तेही त्याच खड्ड्यात. तेव्हा आजच नोंदीवर काट मारायची, सही करायची आणि पैसे हातात द्यायचे.

"आणि आधी आत गेलेले?" मी विचारलं. "वर्षानुवर्षांचे?"

"ते माझ्या हातात न्हाईत, मालन. हे हाईत."

"मग खरं काय ते सांगून तरी टाका लोकांना."

"सांगून काय करतील? आज रविवार. कुलपावर दगड मारतील. वॉचमनचं डोकं फुटंल, न्हाईतर विलासचं. दमडी सुटणार न्हाई." मग हे म्हणाले, "उद्या कळतंयच."

मी म्हटलं, मी पण येते. कशासाठी, असं यांनी विचारलं. एकटं पाठवायला जीव होईना, एवढंच. पदर खोचला आणि निघाले.

इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याची फेरी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. दुकानं निम्मी बंद होती, तिथं आम्ही घरी गेलो. यांनी एक लहानसं खोटं ठरवून घेतलं होतं. कार्डं बदलायची आहेत, शुक्रवारची नोंद रद्द धरलीय, हे घ्या पैसे. कुणी का म्हणून विचारलं नाही. लोक कार्ड काढून द्यायचे, हे लाल रेघ मारून सही करायचे, नोटा हातात ठेवायचे, आणि समोरचा माणूस त्या न मोजताच खिशात घालायचा. एका घरी मालक न्हाणीत होता. तो आतूनच ओरडला, "अण्णा, कार्ड कोनाड्यात हाय, काय करायचं ते करा." एका ठिकाणी घरात नुसती सून होती. तिनं पैसे घेतले नाहीत, म्हणाली सासऱ्यांनी सांगितलंय की अण्णांशिवाय कुणाशी पैशाचा व्यवहार करायचा नाही. अण्णा मीच, असं यांनी सांगितलं तर लाजून आत पळाली.

सायकलवाला रमजान आम्हाला बघून पंक्चर काढायचं थांबला. अण्णा रविवारी आणि तेही वहिनींना घेऊन, म्हणजे आज सूर्य तिकडून उगवला, असं म्हणून त्यानं दोन स्टुलं मांडली आणि चहा मागवला. यांना नको म्हणवेना. मला तो चहा गिळवत नव्हता. या माणसानं दुकानाच्या शेजारचा गाळा घ्यायचा म्हणून किती वर्षं रोज पन्नास रुपये दिले होते, ते मला ठाऊक होतं. हे घरी येऊन कौतुकानं सांगायचे.

मारुतीच्या देवळापाशी हौसाबाई वेण्या ओवत बसली होती. यांची सगळ्यात जुनी खातेदार तीच. झोपडीवर पत्र्याचं छप्पर घालायचं म्हणून रोज वीस रुपये द्यायची. पावसाळ्यात फुलं कमी आली तर दहा. यांनी पैसे पुढं केले तर ती हात मागं घेऊन म्हणाली, "ऱ्हाऊ द्यात की तुमच्याजवळच. उद्या परत तुमच्याच हातात द्यायचं हाय न्हवं?"

यांनी हात तसाच पुढं धरला. म्हणाले, "घे, हौसाबाई. आज घेच."

तिनं घेतले. मग मला जवळ बोलावून माझ्या डोक्यात तिनं मोगऱ्याची वेणी घातली आणि पैसे द्यायला लागले तर रागावली. अण्णांच्या घरधनिणीकडून पैसे घेऊ होय, म्हणाली.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. डबा रिकामा झाला होता. मी गार भाताला फोडणी दिली, दोघंही पोटभर जेवलो आणि आडवे झालो. बुडालेल्या माणसाला अशी झोप लागते यावर माझा विश्वास बसला नसता. उठले तर हे दाराशी उजेडात बसून विणत होते आणि दार सताड उघडं होतं. मी कडीकडं बोट दाखवलं. यांनी खांदे उडवले. आमची ठेव गेली होती, फी डोक्यावर होती, पण त्या संध्याकाळी घरात जी शांतता होती ती मी पुन्हा कधी अनुभवली नाही. मला वाटलं, निभावलं. पैसा गेला पण बाजारातून मान वर करून चालता येईल. यांच्याजवळ दुसरं होतं काय? आखूड पाय आणि अण्णा हे नाव.

सोमवारी दहा वाजता संस्थेच्या दाराला कुलूप दिसलं आणि अकराच्या आत आमच्या दारात माणसं जमली.

त्याची तयारी आम्ही मनात केली होती. लोक येणार, रडणार, यांच्या नावानं बोटं मोडणार, कारण चेअरमनचं तोंड त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं, पैसे यांच्या हातात दिले होते. हे बाहेर जाऊन उंबऱ्याच्या पलीकडं उभे राहिले, मी आत चौकटीला धरून. यांनी सांगितलं की माझ्याकडून जेवढं होईल तेवढं करीन, अर्ज लिहून देईन, सगळ्यांच्या बरोबर येईन. माणसं ऐकत होती. रमजान तर पुढं होऊन, अण्णांना बोलून काय उपयोग, असं म्हणायलाही लागला होता.

मग हौसाबाई पुढं आली. ती ओरडली नाही. फुलांच्या टोपलीवर टाकायचं ओलं फडकं तिच्या हातात तसंच होतं.

"अण्णा, काल तुमी शुक्रवारचं पैसं परत दिलासा," ती म्हणाली. "म्हंजे तुमास्नी ठावं हुतं."



शनिवारी अख्खी संध्याकाळ आम्ही नवरा-बायको घरात डोकं धरून बसलो होतो, पण ही गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. हातातले पैसे ज्याचे त्याला द्यायचे, यापलीकडं यांनी बघितलंच नाही आणि मीही नाही. ज्या एजंटनं एक पैसा परत दिला नसता, त्याच्याबद्दल लोक म्हणाले असते, बिचारा आपल्यासारखाच फसला. यांनी दारोदार जाऊन, प्रत्येकाच्या कार्डावर लाल रेघ मारून, स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं होतं की मला माहीत होतं.

"कवा कळलं तुमास्नी?" हौसाबाईनं विचारलं.

"शनिवारी. दुपारच्याला."

मागून कुणीतरी म्हणालं, शनिवारी सुट्टी होती, सुट्टीच्या दिवशी बरं कळलं. दुसरा म्हणाला, शुक्रवारी दुपारपर्यंत खिडकी उघडी होती, तेव्हा सांगितलं असतं तर माझ्या पोरीच्या लग्नाचे पैसे निघाले असते. तिसरा म्हणाला, यांनी आपले कधीच काढले असतील. एकदा हे तोंडातून निघालं आणि मग सगळ्यांनाच ते खरं वाटायला लागलं. मी न राहवून म्हटलं की आमचीही ठेव तिथंच आहे, आमच्या पोरीची फी आहे त्यात. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

रमजाननं विचारलं. तो अजून यांच्या बाजूनं व्हायला बघत होता, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. "अण्णा, शनिवारी कुणी सांगितलं, तेवढं सांगा. नाव घ्या, आमी इश्वास ठेवतो."

आणि तेव्हा मला विलास दिसला.

गर्दीच्या मागं, समोरच्या घराच्या पायरीपाशी तो उभा होता. संस्थेची माणसंही बुडाली असं दाखवत सकाळपासून तो लोकांच्या बरोबरच फिरत असणार. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. शनिवारी दुपारी मीच जाऊन सांगितलं, त्याआधी दाजींना काही माहीत नव्हतं. एवढं बोलला असता तर माझा नवरा सुटला असता. माझी आणि त्याची नजरानजर झाली. त्यानं मान खाली घातली आणि पायातली चप्पल नीट केली.

माझ्या तोंडात त्याचं नाव आलं होतं. मी चौकट सोडून एक पाऊल पुढं टाकलं. यांनी मागं न बघता हात आडवा धरला, उंबऱ्यावर, माझ्यासमोर. माझा नवरा माझ्यावर कधी हात उगारायचा नाही की आवाज चढवायचा नाही. पण तो हात ओलांडून बोलायची मला छाती झाली नाही.

"कुणी सांगितलं ते मी सांगणार न्हाई," हे म्हणाले. "शनिवारीच कळलं. पटत नसंल तर माझा इलाज न्हाई."

रमजान मागं वळला आणि गर्दीत मिसळला.

हौसाबाईनं कमरेची चंची काढली. त्यातून दोन दहाच्या नोटा काढल्या, कालच्याच असाव्यात, आणि वाकून आमच्या उंबऱ्यावर ठेवल्या. म्हणाली, "समदं गेलं, आणि ह्ये कशाला ठेवलासा मला?"

तिच्या मागून दुसरा आला, त्यानंही ठेवले. मग एकेक करून येत गेले. कुणी नोटा ठेवल्या, कुणी चिल्लर टाकली. जो तो ठेवायचा आणि निघून जायचा. शिव्या दिल्या असत्या, दगड मारले असते तर मी सहन केलं असतं. हे मला सहन झालं नाही. मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले. बाहेर हे शेवटचा माणूस जाईपर्यंत तसेच उभे होते.

ते पैसे यांनी पुढं सरकारी प्रशासक आल्यावर ज्याच्या त्याच्या खात्यावर भरले. ते आणि बाकीचे, अजून कुणाला मिळालेले नाहीत.

त्या दिवशी माणसं गेल्यावर मी दार लावलं आणि यांना धारेवर धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी नवऱ्याला अरे-तुरे सोडून बाकी सगळं बोलले. तुमचं नाव मातीत गेलं, उद्यापासून या गावात कोण दारात उभं करील, आणि कुणासाठी, तर ज्यानं स्वतःची ठेव काढून घेतली आणि सख्ख्या बहिणीला बुडवलं त्याच्यासाठी? तो काय लागतो तुमचा?

हे खाटेवर बसले होते. दुखरा पाय दोन्ही हातांनी दाबत होते.

"माझा काय लागतोय? कुणी न्हाई," हे म्हणाले. "पण तुला कुरुंदवाडाशिवाय दुसरं घर हाय का? मी नाव घेतलं असतं तर लोकांनी त्याचं घर जाळलं असतं. माझं नाव आज न्हाईतर उद्या जाणारच हुतं, सगळ्यांचं पैसं मीच नेलं हुतं. पण तुझं माहेर तरी ऱ्हाऊ दे."



फेरी संपली. यांनी वीटभट्टीवर दिवाणजीचं काम धरलं. वसुधाची फी माझ्या पाटल्यांवर भागली, ती शिकली, नोकरीला लागली. पण हे पुन्हा बाजारातून कधी गेले नाहीत. मागच्या गल्ल्यांनी, रेल्वेच्या कडेकडेनं लांबचा वळसा घालून कामावर जायचे, त्या पायानं. अण्णा म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी हे गेले. मातीला भावकीतले आले, भट्टीवरचे आले. बाजारातलं कुणी आलं नाही.

विलास आला होता. खांदा त्यानंच दिला.

आता तर खरं सांगायला माझा हात धरणारंही कुणी नाही. वसुधा म्हणते, आई, या माणसाला तू घरात कसं घेतेस. दर भाऊबीजेला तो येतो. केस पांढरे झालेत त्याचे, पाटावर बसला की माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तरी मी त्याच्या कपाळाला कुंकू लावते, अक्षता लावते, ओवाळते, वर जेवूनही जा म्हणते. माझ्या नवऱ्यानं आपली सगळी अब्रू मोजून माझ्यासाठी हे एक माहेर विकत घेतलं. ते टाकून द्यायचा मला काय अधिकार?